तळघरातली नोंदवही

"दार लावा! गारवा जातोय!"

आमची पहिली भेट ही अशी. मला हवी होती कागदाची खोली, कार्ड लावून उघडलं भलतंच दार. आत नुसती लोखंडी कपाटं, त्यांत लुकलुकणारे दिवे आणि मागून कुठूनतरी ओरडणारा एक आवाज... माणूस दिसतच नव्हता. मी काही बोलायच्या आत एक हात बाहेर आला. हातात निळी वायर.

"ही धरा. हलू नका."

आणि मी धरली! चांगली पाच मिनिटं कुडकुडत एका अनोळखी माणसाची वायर धरून उभी राहिले. शेवटी तो बाहेर आला. केसांत धूळ, चष्मा नाकावर घसरलेला. माझ्याकडे बघून चक्क हसला.

"अरेच्चा! मला वाटलं इलेक्ट्रिशियन आलाय."

"मी लेखिका आहे," मी दातओठ खात म्हणाले.

"असू दे. वायर छान धरता."

त्या क्षणी मला तो मुळीच आवडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ऑफिसात लोकांनी वाट्टेल ते पसरवलंय.

मी मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात आहे. 'हे कसं चालतं?' ही मालिका माझी. नळ झाला, लिफ्ट झाली, फ्रीज झाला. मग संपादक मॅडमनी माझ्या गळ्यात मारली सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम. तीही सहावीच्या मुलांना कळेल अशी! आणि ते तपासणार कोण? तर हाच, तळघरात बसून सर्व्हर सांभाळणारा. सगळं ऑफिस त्याला 'तळघर' म्हणायचं.

पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सर्व्हरचा राजा. त्याने लाल शाईत शेरा मारला, 'राजा झोपतो. ही झोपत नाही.'

माझा पारा चढला. पाय आपटत जिना उतरले, तळघराच्या दाराला ऑफिसचं कार्ड लावलं आणि कागद त्याच्यापुढे आपटला.

"मग काय लिहू? तुम्हीच सांगा!"

"हे बघा, घरच्या कॉम्प्युटरसमोर तुम्ही बसलेल्या असता. याच्यासमोर कोणीच नसतं. शेकडो लोक लांबून एकदम काहीतरी मागत असतात. कोणाला आधी द्यायचं, कोणाला किती जागा, कोणाला कुठलं दार उघडायचं, हे सगळं ती ठरवते. दिवसरात्र."

"म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाई!" माझ्या तोंडून निघून गेलं. "आंघोळीचे नंबर त्या लावायच्या, खोल्या त्या द्यायच्या, किल्ल्या त्यांच्याकडे. आणि दारात रजिस्टर! कोण कधी आलं, कोण कधी गेलं, सगळं त्यात."

तो हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"हेच लिहा की," तो हळूच म्हणाला.

लिहिलं. चार दिवस झपाटल्यासारखं लिहिलं आणि फाईल सर्व्हरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी खाली गेले.

"वाचलंत?"

"नाही हो... उद्या या ना."

उद्याही तेच. परवाही तेच. तीन आठवडे! मी रोज सकाळी भांडायला खाली जायचे, तो रोज नवी सबब सांगायचा. जिना चढून वर आलं की मला आणखी एखादं खोचक वाक्य सुचायचं, मग ते ऐकवायला दुपारी पुन्हा खाली. तो ऐकून घ्यायचा. वर हसायचा! अशा माणसाचं करायचं तरी काय?

आणि मग मॅडमनी फर्मान काढलं. शुक्रवारी पाचपर्यंत तळघराची सही आली नाही तर पुस्तक दुसऱ्याकडे. नुसतं पुस्तक नाही, अख्खी मालिका. चार वर्षं मी तिच्यासाठी खपले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गुरुवारी सकाळी खाली गेले तेव्हा त्याने मला बोलूच दिलं नाही. "सही होईल हो. आधी एक गंमत बघा. तुमच्या रजिस्टरसारखंच हा सर्व्हरही सगळं टिपून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. कुठल्याही फाईलचं नाव टाका, कोणी कधी उघडली ते ओळीने येईल."

तेवढ्यात कोपऱ्यात एक मशीन पीं-पीं करायला लागलं आणि तो तिकडे धावला. मी नाव टाकलं. दुसरं कुठलं टाकणार? माझ्याच पुस्तकाचं.

ओळी उतरायला लागल्या. पहिली, मी फाईल ठेवली त्याच दिवशीची, वीस मिनिटांनंतरची. उघडणारा तो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटं, तो. तिसऱ्या दिवशी एक दहा, तो. रोज, जेवणाच्या सुट्टीत. सतरा ओळी.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू वाचलंयस!" रागाच्या भरात 'अहो' कुठे गेलं कळलंच नाही. "सतरा वेळा! आणि मला रोज खोटं सांगत होतास?"

तो जागच्या जागी थिजला. स्वतःच मला लॉग उघडून दिला होता शहाण्याने.

"पहिल्या दिवशीच वाचून झालं. एकही चूक नव्हती. पण चूक नाही म्हटलं असतं, तर... तुम्ही परत खाली कशाला आला असता?"

दुसरी एखादी विरघळली असती. मी नाही.

"उद्या पाचला माझी मालिका जातेय. तुला बोलायला कोणीतरी हवं होतं म्हणून!"

"जातेय? मला... मला कोणीच सांगितलं नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तडक जिन्याकडे गेला. मी मागोमाग. तो थेट मॅडमच्या टेबलापाशी, आठ माणसांसमोर.

"पुस्तक तीन आठवड्यांपूर्वीच तयार होतं. उशीर मी केला."

"का?" मॅडमनी विचारलं.

"त्या खाली याव्यात म्हणून."

आठही माना माझ्याकडे वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"पुस्तक आजच छापायला पाठवा," मॅडम म्हणाल्या. "आणि यापुढे याला काहीही तपासायला द्यायचं नाही."

झालं. खाली जायचं कारणच संपलं. मी म्हटलं, सुटले. दहा दिवस फिरकलेसुद्धा नाही. दहा दिवस सगळ्यांवर खेकसत होते, ते निराळं.

पुस्तक आलं. एक प्रत घेऊन मी कार्ड लावलं.

"ही तुमची प्रत. द्यायची पद्धत आहे म्हणून आणली."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. मग खणातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"दाराचाही लॉग असतो," तो अडखळत म्हणाला. "सकाळी तुम्ही पुस्तकाचं विचारायला यायचात, ते समजलं. पण कार्ड रोज दोनदा लागलंय. दुपारी कशाला यायचात?"

"भांडायला!"

"रोज?"

मी तोंड उघडलं. काही सुचेना. खोचक वाक्य, साधं वाक्य, काहीच नाही. कान मात्र गरम झाले, त्या थंडगार खोलीत.

"दार लाव, गारवा जातोय," एवढं म्हणून मी वर पळाले.

खूप राग आला होता. त्याचा, त्या कागदाचा आणि सगळ्यात जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी, दोघांचा डबा घेऊन, मी तळघराच्या दाराला कार्ड लावलं. लिहू दे त्या दाराच्या लॉगला काय लिहायचं ते.