हिरव्या छताची खोट

टायरवाल्याने अर्धा तास थांबायला सांगितलं होतं आणि रस्त्यावर उभं राहवत नव्हतं, इतकं ऊन. म्हणून ती शेजारच्या तंबू-छतांच्या दुकानाच्या अंगणात शिरली. तिथे नमुना म्हणून एक हिरवं छत ताणून ठेवलं होतं. त्याखाली ती उभी राहिली, इतकंच.

"सावली विकत हवीय, की नुसती उभं राहायला?"

दुकानदार तिच्याच वयाचा असावा. हातात दोराचं वेटोळं, चष्मा कपाळावर.

"नुसतं उभं राहायचं भाडं पडतं का?"

"पहिला अर्धा तास नाही."

ती हसली नाही, पण मान किंचित वळवली. मग छताची कड बोटांनी चाचपत म्हणाली, "खरं तर विकतच हवीय."

टायरवाल्याकडे उभी असलेली, आत झोपायची सोय असलेली जुनी कॅरॅव्हॅन तिच्या आत्याची होती. आत्याने तीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलं. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. शनिवारी दोघी वीस दिवसांसाठी समुद्रावर निघणार होत्या. आत्याच्या आयुष्यातली ही पहिलीच सहल. पण तिला चालू असलेल्या औषधांमुळे ऊन अजिबात सोसत नसे. गाडीला चांगलं छत मिळालं तरच जाणं होणार होतं.

"गाडीची लांबी किती?" त्याने विचारलं.

"दाराच्या बाजूने तीन मीटर, बेचाळीस सेंटिमीटर, सहा मिलिमीटर."

"मिलिमीटरसुद्धा?"

"मी कवळ्या बनवते. एक मिलिमीटर चुकला की माणूस उपाशी राहतो."

त्याने चष्मा नाकावर घेतला. तिच्याकडे पाहिलं—जरा जास्तच वेळ.

हिरवं छत तिला अगदी योग्य होतं. कड गाडीच्या खाचेत सरकवायची, दोन काठ्या लावायच्या, चार खुंट्या ठोकायच्या. एकट्या माणसाचं दहा मिनिटांचं काम. हे त्याला ठाऊक होतं. पण छत बांधून दिलं असतं, तर तीही दहा मिनिटांत गेली असती...

"हे वाऱ्याला टिकत नाही," त्याच्या तोंडून निघून गेलं. "समुद्रावर तर नाहीच. उद्या या, दुसरं दाखवतो."

मंगळवारी त्याने नळ्यांत हवा भरून उभा राहणारा मांडव दाखवला.

"पंप मारून दमाल," तो स्वतःच म्हणाला.

"मग दाखवलात कशाला?"

"तुम्हाला आवडला असता तर... काही बोललो नसतो."

बुधवारी चार पायांचा, घडीचा तंबू. तो गाडीपासून सुटा राहतो आणि मधल्या फटीतून ऊन येतं, हेही त्यानेच सांगितलं. गाडीच्या जागी दुकानाची भिंत धरून दोघं त्या फटीत उभे राहून किती ऊन येतं ते पाहत राहिले. फट लहान होती. खांदे लागत होते. कोणी बाजूला झालं नाही.

"तुम्ही दुकान चालवताय, की बंद करायला बसलाय?" तिने विचारलं. या वेळी मात्र ती हसली.

गुरुवारी ती आली, तेव्हा हसू नव्हतं.

"आज काही दाखवू नका. आत्याने सहल रद्द केली."

"का?"

"तुम्ही काढलेली एकेक खोट मी घरी सांगत होते. ती म्हणाली, तिथे एवढा वारा असेल तर म्हातारीने घरीच बसलेलं बरं. सहा वाजता शेजारी गाडी बघायला येतोय. विकून टाकतेय. काल तिने बॅग रिकामी केली. रडली नाही. नुसत्या घड्या घालत बसली."

त्याने हातातला दोर खाली ठेवला.

"हिरवं छत टिकतं," तो म्हणाला. "कुठल्याही वाऱ्याला. मी सोमवारी... खोटं बोललो."

तिने कारण विचारलं नाही. ते तिला बहुधा मंगळवारीच कळलं होतं.

"हे मला नका सांगू. चला, तिला सांगा."

साडेपाचला त्याने आत्याच्या अंगणात गाडीला छत लावलं. आत्या त्याखाली खुर्ची टाकून बसली. तिने एक काठी धरून हलवून पाहिली.

"टिकत नाही म्हणालास ना रे?"

"टिकतं. यांनी परत यावं म्हणून तसं म्हणालो."

"अरे गाढवा, मग चहाला बोलवायचं होतंस! माझी सहल कशाला मोडत होतास?"

फाटक वाजलं. शेजारी वेळेआधीच आला होता. आत्याने बसल्या जागेवरून हात हलवला.

"माफ करा हो, गाडी विकायची नाही! आम्ही परवा निघतोय!"

ती त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आली.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "तिने बॅग रिकामी केली, ते तुम्ही पाहिलं नाहीत."

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही... वीस दिवसांत कळेल. येऊन सांगेन."

"कधीही या. फक्त रविवारी दुकान बंद असतं."

ती फाटकाकडे वळली. कडी लावताना तिने वर पाहिलं.

"मग रविवारी येईन."