पाटी पुसा

सुलोचनाकाकू साताऱ्याहून आल्या. बाबांनी त्यांचा प्रवास विचारला, गुडघे विचारले, चहात साखर चालते का तेही विचारलं. मुद्द्याचं निघालं तसे टीव्हीकडे बघत बसले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी चंडीगढला डॉक्टर आहे. लोकांना त्यांच्या माणसाचं काय झालं ते मी रोज तोंडावर सांगते. आणि माझे वडील, एकाहत्तरच्या युद्धात रडारवर बसलेले, जिवलग मित्र कसा गेला ते त्याच्या बायकोला सांगत नव्हते. गुप्ततेच्या कागदावर सही केली होती ना!

शशिकांतकाका, म्हणजे काकूंचे यजमान, त्याच रडार-ठाण्यात होते. रडारवर दिसलेली विमानं बाबा आकड्यांत सांगायचे, काका ती मोठ्या पाटीवर लिहायचे. बॉम्ब पडला, त्यात काका गेले. वर ठपका आला की विमानं दिसली होती, यांनी लिहिलीच नाहीत. 'हलगर्जीपणा' एवढा एक शब्द घेऊन काकूंनी जन्म काढला.

"भाऊजी, आता मला परत येणं व्हायचं नाही," काकू म्हणाल्या. "यांनी लिहिलं होतं की नाही, तेवढंच सांगा."

"वहिनी, परवानगी नाही."

"कोणाची? ते साहेब तरी उरलेत का?" मी ओरडले.

तेवढ्यात भोंगा वाजला. त्या मे महिन्यात सीमेवर पुन्हा पेटलं होतं. भोंगा झाला की सगळं शहर दिवे मालवायचं. मी बटणं बंद केली. सेक्टरभर अंधार झाला.

अंधारात बाबा बोलू लागले. आवाज त्यांचाच, पण तरुण आणि सपाट.

"दिशा दोनशे सत्तर. अंतर ऐंशी."

खिडकीच्या काचेवर काहीतरी करकरलं.

"दिशा दोनशे सत्तर. अंतर साठ."

पुन्हा करकर. मला वाटलं, काकूच उठून गेल्या. हात पुढे केला, तर त्या माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अंतर वीस."

करकर.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मी दिवे लावले, तेव्हा काचेवर आकडे होते, जाड, पिवळे, मेणाच्या पेन्सिलीचे. काकूंनी पदराने पुसून पाहिले. आतली बाजू गुळगुळीत होती. लिहिलं होतं ते बाहेरून. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या खिडकीला ना बाल्कनी ना सज्जा, काच उघडतही नाही.

"बाहेरून लिहिलंय, मग आपल्याला सुलट कसं दिसतंय?" मी विचारलं.

"पाटी काचेची असायची," बाबा हळूच म्हणाले. "लिहिणारा मागे उभा राहून उलटं लिहायचा. समोर बसलेल्या साहेबाला सुलट दिसावं म्हणून. शशिकांतइतकं झरझर कोणालाच जमायचं नाही."

आणि मग त्यांचा बांध फुटला. "वहिनी, त्याने लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, पक्षी असतील, पाटी पुसा. तो म्हणाला, आधी वाचा, मग पुसतो. साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच होतो. नंतर माझ्यापुढे कागद आला, मी सही केली."

"चोपन्न वर्षं!" मी हातातलं फुलपात्र आपटलं. "एवढं बोलायला चोपन्न वर्षं, बाबा?"

काकू रडल्या नाहीत. चष्मा लावून काचेपाशी गेल्या. सातावर आडवी रेघ होती. "यांचाच सात," म्हणाल्या. एकेक आकडा त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचला.

"वाचलं हो मी," त्या काचेला म्हणाल्या.

वरचा आकडा आधी गेला.

मग त्याखालचा.

तळहात फिरावा तसे, सावकाश, बाहेरून.

ठपका काढावा म्हणून मी अर्ज केला. बाबांनी त्यावर सही केली. दोन ओळींचं उत्तर आलं की बाब गोपनीय आहे. कसली गोपनीय, डोंबल!

ती खिडकी मी कोणाला पुसू देत नाही. बाहेरून सगळी काच धुळीने माखली आहे. मधला हातभर भाग तेवढा रोज सकाळी लख्ख असतो.