वाळ्यात गुंडाळलेली हवा

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या हातांत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तान्हं बाळ धरावं तसं त्यानं ते धरलं होतं. मार्चची दुपार, अकोल्याचा बायपास, बाहेर ट्रकांची धूळ... आणि हा कडक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होऊन दारात उभा.

"मिस्त्री हायेत का?"

"हायेत ना. बोला."

"कुठी हायेत?"

"तुमच्यासमोर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता हाही विचारणार, 'बाबा कधी येतील?' सगळेच विचारतात. पण त्यानं टॉवेल उघडला आणि आतलं माझ्यापुढे ठेवलं. एक छोटासा टर्बो होता. एखाद्या डिझेल कारचा, भंगारातून आणलेला.

"हा मले मोटरसायकलले लावायचा हाये," तो म्हणाला.

मी हसले. अगदी खळखळून हसले, खोटं कशाला सांगू?

"हसा," तो म्हणाला. "पण हसून झालं की सांगा, लागते का नाही?"

मला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त कळतात. लहानपणापासून इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आले, त्याचा परिणाम. या माणसाच्या आवाजात एक गंमत होती. वाक्य मोठ्या ऐटीत निघायचं आणि शेवटाला येईपर्यंत लाजायचं. मी मनात म्हटलं, प्रियदर्शनी, या आवाजापासून जरा जपून राहा बरं.

त्याचं नाव स्वप्निल. अमरावतीला राजापेठेत क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची जुनी गाडी होती. शर्यत नाही, पैज नाही, रस्त्यावर मिरवणंही नाही. "पोरायले दरवर्षी फळ्यावर सांगतो का हवेले वजन असते," तो म्हणाला. "एकदा मले ते वजन पाठीवर घेऊन पाहायचं हाये."

आता असं कोणी बोललं तर काय करायचं माणसानं? मी हो म्हटलं.

बाबा मात्र हो म्हणाले नाहीत. आमचं 'किशोर डिझेल वर्क्स' ते दिवाळीपर्यंत विकायला निघाले होते. माझ्या डिप्लोम्याचा त्यांना अभिमान होता, पण त्यांचं म्हणणं एकच, "ट्रकवाला पोरीच्या हातात इंजिन देते का? मी हाओ तोवर येतात ते." मी म्हटलं, एक काम मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू द्या, मध्ये बोलायचं नाही. बाबांनी हात पुसले.

"ठीक हाये. हे इंजिन टिकलं तं दुकान तुयं. फुटलं तं मंग माया मागं लागायचं नाही."

म्हणजे त्या भंगारातल्या टर्बोवर माझं सगळं दुकान बसलं होतं. आणि गाडी त्या लाजऱ्या आवाजाच्या मास्तरची!

स्वप्निल दर रविवारी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं यायला लागला. इस्त्रीचा शर्ट पहिल्याच रविवारी गेला, दुसऱ्या रविवारपासून तो जुना बनियन घालून बसू लागला. मी त्याला 'सर' म्हणायचे, चिडवायला. तो मला 'मॅडम' म्हणायचा, मनापासून. त्यानं जास्त त्रास व्हायचा.

एका रविवारी मी टर्बो उघडून त्याचा दांडा त्याच्या बोटांत दिला. एका टोकाला एक चाक, दुसऱ्या टोकाला दुसरं, दोन्ही मुठीत मावतील एवढी. मी म्हटलं, "हे चाक सायलेन्सरकडं. इंजिन जो धूर फेकून देते ना, त्याच्यानं हे फिरते. मंग हे दुसरं फिरते, आन बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते."

"म्हंजे... आपण सोडलेल्या श्वासानंच इंजिन पुढचा श्वास घेते?"

इतकी वर्षं मी टर्बो उघडत होते, धुत होते, जोडत होते. मला ते कधी असं दिसलंच नव्हतं. फेकून दिलेल्या धुरातून एवढं मोठं काहीतरी उभं राहतं, आणि ते मी रोज रॉकेलच्या टबात बुडवते! मी तो दांडा परत घेतला तेव्हा मला उगाच त्याची भीती वाटली, देवळात वाटते तशी. बोटांना बोटं लागली होती हे तर मी सांगतही नाहीये.

काम सोपं नव्हतं. जास्त हवा कोंबली की सिलिंडरात दाब वाढणार, म्हणून मी सिलिंडरखाली अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती घातली, आतली जागा जरा मोकळी केली. ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलं. पण एका सिलिंडरचं इंजिन हवा सलग ओढत नाही, घोट घोट पितं. टर्बो आणि कार्बोरेटरच्या मध्ये हवा साठवायला टाकी हवी होती, दाब सोसणारी.

"आणतो," स्वप्निल म्हणाला. आणि पुढच्या रविवारी मूर्तिजापूरच्या त्याच्या देवमनकाकांकडून कापसावर फवारायचा जुना पितळी पंप घेऊन आला. त्याची टाकी दाबासाठीच केलेली! मी खरंच टाळी वाजवली. दुपारपर्यंत ती बसवली, किक मारली...

आणि सगळ्या गल्लीत फवारणीचा वास सुटला. शेजारचा चहावाला कपबश्या सोडून पळाला. बाबा नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि पाहून पुन्हा आत गेले, बोलायचं नाही ठरलं होतं ना! स्वप्निलनं इंजिन बंद केलं. आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो, डोळ्यांतून पाणी, खोकला.

"धुतली नोती काय?" मी विचारलं.

"धुतली ना! एकदा."

"एकदा! फिजिक्स शिकवता का गंमत करता?"

"फिजिक्सच शिकवतो. केमिस्ट्रीचे सर येगळे हायेत."

मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. तोही बसला. त्या दिवशी बसल्या बसल्या आम्ही 'तुमी'वरून 'तू'वर कधी आलो ते आठवत नाही. टाकी मात्र मी सोडा घालून घालून धुतली आणि आठवडाभर उन्हात उपडी ठेवली.

एप्रिल लागला. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. दाबलेली हवा तशीही तापते, त्यात ही हवा मुळातच भाजलेली. टाकीला हात लावला की चटका बसायचा. गरम हवा आत गेली की पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच भडकतं, आणि पिस्टनला भोक पडतं. मी डोकं धरून बसले होते. स्वप्निल दुकानातल्या कूलरसमोर उभा होता, शर्टाची कॉलर मागे ओढून, डोळे मिटून.

"प्रिया," तो डोळे न उघडता म्हणाला, "आपण स्वतःले थंड कसे करतो?"

आम्ही कूलरची जाळी काढली, त्यातला वाळा सोडवला, तागाच्या सुतळीनं टाकीभोवती गच्च बांधला आणि त्यावर पाणी ओतलं. थोड्या वेळानं मी टाकीवर तळहात ठेवला. गार! पितळ चक्क गार झालं होतं, आणि सगळ्या दुकानात वाळ्याचा वास भरला होता. मी वर पाहिलं तर तो टाकीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी लगेच पाना शोधायला गेले. पाना माझ्या हातातच होता.

चाचणी ठरली मूर्तिजापूरला. देवमनकाका तिथं कापसाच्या जिनिंग कारखान्यात देखरेखीला होते, हंगाम संपलेला, कापसाच्या गंज्या उठून गेलेल्या. भलंमोठं अंगण रिकामं पडलं होतं. गाडी आम्ही टेम्पोत घालून नेली. बाबा मागून एसटीनं येणार होते, पण एसटी उशिरा आली. तोवर आम्ही कडुलिंबाखाली बसलो होतो. काकांनी दिलेलं ताक होतं, बोलणं फारसं नव्हतं. मी मधूनच त्याच्याकडे पाहत होते. तोही मधूनच माझ्याकडे पाहत होता.

बाबा आले, काकांना रामराम केला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. हाताची घडी घातलेली.

स्वप्निलनं किक मारली.

पहिली फेरी साधी गेली. दुसऱ्या फेरीला त्यानं मूठ जास्त पिळली, आणि ती आली. शिट्टी! आधी बारीक, मग चढत चढत जाणारी, जुन्या इंजिनाच्या धडधडीवर जणू कोणीतरी गायला बसलं होतं. गाडीनं अंग आवळलं आणि ती सुटली. अंगणातली धूळ, कापसाचे उरलेसुरले पांढरे पुंजके तिच्या मागं उडाले. काकांचे हात आपोआप जोडले गेले. माझे तर डोळे भरून आले. एवढीशी दोन चाकं, भंगारातली, फवारणीची टाकी, कूलरचा वाळा... आणि त्यातून हे! हवेला वजन असतं. मी ते डोळ्यांनी पाहत होते.

तिसऱ्या फेरीला तो माझ्याजवळून गेला, आणि शिट्टीच्या खाली मला काहीतरी ऐकू आलं.

टिक. टिक-टिक.

बारीक. बांगडीवर बांगडी आपटावी तसं. पेट्रोल ठिणगीआधीच भडकलं की असंच वाजतं. मी बाबांकडे पाहिलं, ते शांत होते. काकांकडे पाहिलं, ते हसत होते. कोणालाच काही ऐकू आलेलं नव्हतं. क्षणभर वाटलं, भास असेल. थांबवावं तर बाबांच्या देखत काम अर्धवट. न थांबवावं तर...

मी हात वर केला.

तो अंगणाच्या त्या टोकाला होता, पूर्ण वेगात, सगळ्या आयुष्यात त्याला हवी असलेली गोष्ट त्याच्या मुठीत होती. त्यानं माझा हात पाहिला आणि मूठ सोडून दिली. शिट्टी विझली. गाडी घरंगळत माझ्यापुढे येऊन थांबली.

"काहून थांबवलं?" बाबा भिंत सोडून आले. "मस्त चालली होती!"

मी पाना उचलला. प्लग काढायला घेतला. प्लग बाहेर आला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड सांडावी तसे बारीक चमकते ठिपके होते. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. आणखी एक फेरी झाली असती, तर पिस्टनला भोक पडलं असतं आणि माझं दुकान गेलं असतं.

मी टाकीवर हात ठेवला आणि झटकन काढला. वाळा खडखडीत वाळला होता. बाबांची वाट बघत कडुलिंबाखाली बसलो तेव्हा त्यावर पाणी घालायचं होतं. मला वाटलं तो घालेल, त्याला वाटलं मी घालेन. मी त्याच्याकडे पाहत होते, तो माझ्याकडे, वाळ्याकडे कोणी पाहिलंच नाही. हे बाबांना कसं सांगणार?

बाबांनी प्लग उन्हात धरला. खूप वेळ पाहिला. मग हळू म्हणाले, "मले ऐकू नाही आलं, पोरी."

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तीस वर्षं रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आजार नुसत्या आवाजावरून सांगणारे माझे बाबा! मला रडू फुटलं. त्यांनी प्लग माझ्या हातात दिला आणि माझी मूठ बंद केली.

"इंजिन टिकलं. तूच टिकवलं. आता दुकानात बस, आन मले बी जरा बसू दे." आणि काकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "देवमनजी, चहा भेटते का इथी?" दोघं निघून गेले. मुद्दामच गेले असणार.

आम्ही दोघंच उरलो. मी डोळे पुसले, काळा हात गालाला लागला.

"तू विचारलं बी नाही," मी म्हटलं. "इतक्या जोरात होता, आन मी नुसता हात वर केला तं सोडून देलं. मी चुकली असती तं?"

"चुकली असती तं पुन्हा फिरवली असती गाडी." तो वाळ्यावर बादलीतून पाणी ओतत होता, माझ्याकडे न पाहता. "मले ते वजन पाठीवर पाहिजे होतं ना, ते भेटलं. लय भारी होतं, प्रिया, खरंच. पण तुया हात वर गेला तवा मले... दुसरं काहीच दिसलं नाही."

वाक्य शेवटाला येऊन लाजलं. ओला वाळा घमघमला. टाकीवरून पाणी ठिबकत होतं, आणि माझ्या छातीत जे चाललं होतं ते ऐकायला स्क्रूड्रायव्हरची गरज नव्हती.

"आता काम झालं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मी काय सांगून येऊ?"

"काही सांगू नको."

त्यानं बादली खाली ठेवली. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा.

"तसाच ये," मी म्हटलं. "काही काम नसताना ये. मले तू आवडतोस, स्वप्निल. तुले बनियनवर, घामेजलेला, खोकताना पाहिलंय मी, तरी आवडतोस. आन रविवारचीच वाट कायले पाहतो? अमरावतीहून रोज गाड्या हायेत."