चावरा नळ

स्वयंपाकघरात खळ्ळकन काहीतरी फुटलं, तेव्हा सई, उन्मेष आणि पुष्कर बाहेरच्या खोलीत सायकलवरून नदीवर जायचा बेत आखत होते. मे महिन्याची सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि खाली पाण्याचा पंप गुरगुरत होता.

"पुन्हा? कौसाबाई, या आठवड्यातली ही तिसरी वस्तू," सईच्या आईचा, मालिनीताईंचा, आवाज आला.

"मी नाय फोरली, ताई. नलाला हात लावला का मुंग्या येतान. पार कोपरापरत. नल चावतो मना."

कौसाबाई बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या या मंदार सोसायटीत चौदा वर्षं धुणीभांडी करत होत्या. सईच्या जन्माच्या आधीपासून. तिघंही आत धावले. फरशीवर काचा आणि साबणाचं पाणी पसरलं होतं. आईने सपाता फटफट वाजवत पुढे होऊन नळ पकडला.

"हा बघा. मला कसा नाही चावत? सई, इकडे ये. लाव हात."

सईने नळाला हात लावला. नळ गार होता, एवढंच.

"लागला शॉक?"

"नाही," सई म्हणाली.

ते खरंच होतं. पण ती ते बोलली तेव्हा कौसाबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती सईला आवडली नाही.

पाच मिनिटांत हेमचंद्रकाका हजर झाले. हे पुष्करचे बाबा, सोसायटीचे सेक्रेटरी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते आणि आपण ऑफिसर आहोत हे ते झोपेतसुद्धा विसरत नसत. त्यांनी दोन्ही मुठींनी नळ धरला आणि सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"बाई, काम नको असेल तर सरळ सांग. विजेचं तू मला शिकवणार? आता ही अफवा घरोघर पसरवत फिरशील. चल, नीघ."

मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'कौसाबाई नळात करंट असल्याची खोटी अफवा पसरवत आहेत. त्यांना गेटच्या आत घेऊ नये.' त्याखाली बघता बघता एकवीस अंगठे उमटले. कौसाबाईंची चार घरं अर्ध्या तासात गेली. गच्चीवरच्या गळतीवर आठ महिने भांडणारी हीच माणसं. एका बाईला खोटं ठरवायचं म्हटल्यावर मात्र कशी चटकन एक झाली, ते पाहून सईला शिसारी आली. वॉचमन जयदेवने कौसाबाईंना दंड धरून गेटपर्यंत नेलं, चोराला नेतात तसं.

दुपारी सई दार उघडून बाहेर आली आणि थांबली. दाराबाहेर कौसाबाईंच्या चपला तशाच पडल्या होत्या. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता. मे महिन्याच्या उन्हात ती बाई अनवाणी घरी गेली होती.

सईने चपला पिशवीत घातल्या. "मी देऊन येते. येणार का कोणी?"

"बाबांना कळलं तर माझी चामडी लोळवतील," पुष्कर म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि बाबांना फार घाबरायचा. पण चपला मात्र तो सगळ्यांच्या आधी घालून तयार होता.

कौसाबाईंचं घर नदीकडच्या अंगाला होतं. दार उघडलं, पण 'या' कोणी म्हटलं नाही.

"चपला द्यावाला आलाव? ठेवा तथं."

"मावशी, मी..." सईने चपला दाराशी ठेवल्या.

"तू बी नायच बोललीस. चौदा वर्सं तुमचा खरकटा काढला, आन मी खोटी."

उन्मेष तेरा वर्षांचा होता, तिघांत मोठा. त्याने धीर करून विचारलं, "मावशी, रोज चावतो का नळ?"

"सकालचाच. त्यो पंप गुरगुरतो ना, तवा. शिमग्यापासून चालू झालाय. दुपारचा नाय काय व्हत. आन आता जावा. तुमच्या बापानं बगला तं मना हथं बी राऊ द्याचा नाय."

दार लागलं. दाराशी कौसाबाईंच्या चपला आणि समोर तिघांच्या पायांतल्या चपला. सई पायांकडे बघत परत निघाली.

"उन्मेष, आपल्याकडे घरात सगळे सपाता घालतात ना?"

"घालतात. मोझॅकच्या गारव्याने पाय दुखतात म्हणे."

"आणि मावशी?"

"ती दाराबाहेर काढते. म्हणजे, आपणच काढायला लावतो."

"आईने नळ धरला तेव्हा पायात सपाता होत्या. माझ्याही आणि हेमचंद्रकाकांच्याही. अनवाणी एकटी मावशी होती, तेही साबणाच्या पाण्यात."

उन्मेष चालता चालता थबकला. "रेल्वेच्या तारेवर कावळा बसतो. त्याला काहीच होत नाही. सरांनी सांगितलं होतं, तो फक्त तारेलाच शिवतो, जमिनीला नाही, म्हणून."

"म्हणजे आपण कावळे," पुष्कर म्हणाला.

"तू तरी नक्की," सई म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं हसणं.

संध्याकाळी तिघं आवारात उतरले. वरच्या मजल्यांवरून येणारा लोखंडी नळ भिंतीवरून खाली येत होता. तुळशीजवळ त्याला एक तोटी होती आणि तोटीच्या खाली पांढराशुभ्र प्लास्टिकचा नळ जमिनीत शिरला होता.

"हा बाबांनी होळीच्या आधी बदलून घेतला. जुना सडला होता," पुष्करने सांगितलं.

तोटीच्या वर एक हिरवी तार पट्टीने लोखंडाला आवळली होती. ती पंपाच्या खोलीतून येत होती. कशालाही हात न लावता उन्मेषने मोबाइलवर फोटो काढले.

सईने त्याच रात्री जेवताना विषय काढून पाहिला. "विषय संपलाय," आई म्हणाली आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उन्मेषची आई तिच्या भावाकडे उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनला निघाली. तिघं तिच्या मागे लागले. महेशमामाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जीन्स धुण्याच्या कारखान्यांमधल्या जळक्या मोटारी दारापर्यंत रचलेल्या होत्या आणि मामा त्यांच्यात तांब्याची तार गुंडाळत बसला होता.

"काय गँग, आज इकडे? चहा बोलू का?"

उन्मेषने फोटो पुढे धरला. मामाने तो मोठा करून बघितला आणि त्याचं हसू गेलं.

"ये प्लास्टिक किसने लगाया रे?"

"माझ्या बाबांनी," पुष्कर पुटपुटला.

मामाने टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि वायर घेतली. बल्ब लागला. मग त्याने वायर मध्येच तोडली. बल्ब विझला.

"बघा. करंटला जायला रस्ता लागतो आणि परत यायला पण. मध्ये कुठे तुटला की खेळ खल्लास. आता तुमचा पंप. आतलं इन्सुलेशन जुनं होऊन गेलं असणार, म्हणून पंपाच्या बॉडीत करंट उतरतो. ही हिरवी तार अर्थिंगची. ती त्याला लोखंडी नळातून जमिनीत न्यायची. म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही."

"आणि मग काकांनी खालचा नळ प्लास्टिकचा केला," सई हळूच म्हणाली.

"बरोब्बर. जमिनीचा रस्ता बंद. आता पंप चालू असला की सगळ्या नळांत करंट वाट बघत उभा. ओल्या फरशीवर कोणी अनवाणी आला, की तोच रस्ता."

"कौसामावशी," उन्मेष म्हणाला.

"वर फरशी आहे, म्हणून नुसत्या मुंग्या. खाली ओल्या मातीत अनवाणी उभं राहून कोणी ती तोटी धरली, तर तो माणूस वाचेल असं मी सांगू शकत नाही."

पुष्कर एकदम म्हणाला, "उद्या पूजा आहे."

दर वर्षी मे महिन्यात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असायची. सकाळी नऊला सगळी बिऱ्हाडं आवारात उतरायची. चपला जिन्यात काढायच्या, तुळशीजवळच्या तोटीवर पाय धुवायचे आणि मांडवात जायचं. यजमान हेमचंद्रकाकाच. पहिला कलश तेच भरायचे.

मामाने तिथल्या तिथे हेमचंद्रकाकांना फोन लावला. पलीकडचा आवाज तिघांनाही ऐकू येत होता.

"तुम्ही वाइंडिंगवाले ना? तुमची मोटार खपवायला पोरांना हाताशी धरता? लाज वाटत नाही?"

फोन कट झाला. मामाने कपाळावरचा घाम पुसला. "पंप आता उद्या सकाळीच लागेल. नवाच्या आत मी येतो. तोवर कोणीही तोटीला आणि पंपाला हात लावायचा नाही. तुम्ही तर बिलकुल नाही. समजलं?"

रविवारी नऊ वाजले. मांडव सजला होता आणि जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. मामाचा पत्ता नव्हता. सई आणि उन्मेष तुळशीजवळ उभे होते, दोघांच्याही पायात गमबूट. मे महिन्यात, पूजेच्या दिवशी! बायका नाकं मुरडून बघत होत्या.

"पंप का चालू नाही? टाकी रिकामी आहे," हेमचंद्रकाका ओरडले. ते सोवळं नेसून, अनवाणी, हातात तांब्याचा कलश घेऊन उभे होते.

"किल्ली सापडत नाही, साहेब," जयदेव म्हणाला.

काकांची नजर पुष्करवर गेली. पुष्करची मूठ खिशात होती. काकांनी सगळ्यांदेखत त्याचा कान पिळला आणि किल्ली हिसकावली. पुष्कर रडला नाही. "बाबा, तोटीला हात लावू नका. प्लीज," एवढंच तो म्हणत राहिला.

"त्या बाईने पोरांची डोकी फिरवलीत," कोणीतरी म्हणालं.

पंप गुरगुरायला लागला. काका तुळशीकडे निघाले. पायाखालच्या मातीचा सकाळीच पाणी मारून चिखल झाला होता. सई हात पसरून तोटीच्या समोर उभी राहिली.

"सई, बाजूला हो," आई म्हणाली.

"नाही."

"सगळ्यांसमोर शोभा करतेस? हो बाजूला." आईने तिचा दंड धरला. कौसाबाईंचा दंडही जयदेवने असाच धरला होता. सई हलली नाही.

"परवा तू मला विचारलंस तेव्हा मी 'नाही' म्हणाले. ते चुकलं. माझ्या पायात सपाता होत्या, आई. तुझ्याही होत्या. आज आम्ही दोघं सोडून कोणाच्याच पायात काही नाही. बघ ना सगळ्यांच्या पायांकडे."

आईने बघितलं. चिखलात उभे असलेले चाळीसेक अनवाणी पाय. तिने सईचा दंड सोडला.

"बस झाला तमाशा," म्हणत काकांनी तोटीकडे हात नेला, आणि मागून आरोळी आली, "ओ साहेब, हात मागे!"

महेशमामा धापा टाकत आला होता. रिक्षा अंबरनाथला बंद पडली होती. त्याच्या हातात होल्डरमध्ये बसवलेला बल्ब होता आणि त्याला दोन लांब तारा. "दोन मिनिटं द्या. मी खोटा निघालो तर मला पण गेटबाहेर काढा."

रबरी हातमोजे घालून त्याने एका तारेचा चिमटा तोटीला लावला. दुसरी तार लोखंडी सळईला बांधून सळई चिखलात खुपसली.

बल्ब लागला. भर उन्हातही तो पिवळा दिसत होता.

"ही तार म्हणजे हात," मामा म्हणाला, "आणि ही सळई म्हणजे पाय. आणि हा बल्ब म्हणजे कलश भरणारा माणूस."

"पंप बंद कर," सईने जयदेवला सांगितलं, आणि त्यानेही एका पोरीचं मुकाट ऐकलं. बल्ब विझला. पंप चालू झाला, बल्ब लागला. मग सईने जिन्यातून हेमचंद्रकाकांची चप्पल आणून चिखलावर ठेवली. मामाने सळई उपसून चपलेवर टेकवली आणि बल्ब विझला.

"परवा तुम्ही नळ धरलात तेव्हा मध्ये अशीच सपाता होती, काका," ती म्हणाली.

काकांनी हातातला कलश खाली ठेवला. ते मांडवातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मामाने मेन स्विच पाडला. त्या दिवशीची पूजा बादलीतल्या पाण्यावर झाली. दुपारपर्यंत पंप काढून नेला गेला, अर्थिंगसाठी जमिनीत नवा खड्डा घ्यायचं ठरलं, आणि करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विचही बसवायचं ठरलं. गच्चीच्या गळतीसारखे आठ महिने नाही, ठरायला आठ मिनिटं लागली.

प्रसादानंतर काका बोलायला उभे राहिले. "आपल्या मुलांनी आज वीस घरं वाचवली. शेवटी संस्कार आपलेच. चिरंजीव पुष्कर..."

टाळ्या पडल्या. थोरामोठ्यांनी पाठी थोपटल्या. सईला मात्र राग आवरत नव्हता.

"काका, आधी ग्रुपवर लिहा, की अफवा नव्हती. मावशी खरं बोलत होत्या."

"लिहू गं सावकाश."

"आत्ता लिहा, बाबा," पुष्कर म्हणाला. त्याचा कान अजून लाल होता.

मालिनीताई या वेळी मुलीला गप्प करायला पुढे आल्या नाहीत. काकांनी चष्मा लावून मेसेज लिहिला. त्याला नऊच अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी मालिनीताई सईला घेऊन स्वतः कौसाबाईंच्या दारात गेल्या आणि चुकलं म्हणाल्या. कौसाबाईंनी मेसेज दोनदा वाचून घेतला आणि मग, "पंप बरा व्हवदे, मंग बगू," म्हणाल्या.

पंप दुरुस्त होऊन आला, त्या दिवशी त्या आल्या. दारात त्यांच्यासाठी नव्या रबरी सपाता ठेवल्या होत्या. कौसाबाईंनी त्यात पाय घालून पाहिला. टाच दोन बोटं बाहेर राहिली.

"माप कोनचा घेतलाव, ताई?"

मालिनीताईंनी माप घेतलंच नव्हतं. चौदा वर्षांत त्या पायांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. कौसाबाईंनी सपाता पायाने बाजूला सारल्या आणि तारेने बांधलेल्या आपल्याच चपला घालून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्या काढायला कोणी सांगितलं नाही.

सई ओट्याशी जाऊन उभी राहिली. "मावशी, माझं चुकलं. मी 'नाही' म्हणाले."

कौसाबाईंनी नळ सोडला आणि ताट हातात घेतलं. "नाय बोललीस ता खराच व्हता, बाय. हुशार हायस तू. फक्त परत कोनी इचारला तं आपल्या पायान काय हाय, ता बी संगं सांगत जा."

सईने मान डोलावली आणि धुतलेली ताटं पुसायला घेतली.