नुसतं वर्तुळ फिरतंय

ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती ती चष्मा सैल झाला म्हणून. प्रेमात पडायचा विचार दूरदूरवर नव्हता, आणि असता तरी त्यासाठी फिनेलचा वास मारणारी जागा कोण निवडतं?

काउंटरशेजारच्या स्क्रीनवर दवाखान्याची वेबसाइट उघडी होती. नाव घाला, वेळ निवडा, बटण दाबा. तिच्या पुढच्या आजींनी बटण दाबलं आणि एक निळं वर्तुळ फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... आजींनी परत दाबलं. मग आणखी तीनदा. वर्तुळ आपल्याच नादात.

"ज्याने हे केलंय ना," ती शेजारच्या उंच माणसाला म्हणाली, "त्याला दिवसभर याच्यासमोर बसवायला हवं."

"बसलो होतो," तो म्हणाला. "चार दिवस. वळण छान जमलंय... नाही?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वेबसाइटींवरचे बारीकसारीक मेसेज लिहिणं हाच तिचा धंदा, त्यामुळे गप्प बसणंही जमेना. वर्तुळ देखणं आहे, पण मुकं आहे, असं तिने तोंडावर सांगून टाकलं. वर पर्समधल्या पावतीच्या मागे एक ओळ लिहून दिली: 'तुमची विनंती पोहोचली. वेळ ठरवतो आहोत. पुन्हा दाबू नका.' त्याने ती दोनदा वाचली आणि त्याचे कान लाल झाले. मग त्याने तिचा फोन नंबर मागितला. कामासाठीच हो! पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी वेबसाइटच्या शब्दांचं काम तिला दिलंदेखील.

आता रोज दुपारी तो त्याच्या ऑफिसातून दवाखान्यात यायचा आणि काउंटरमागच्या टेबलावर दोघांची जुंपायची. त्याचे मेसेज उड्या मारत यायचे आणि तीन सेकंदांत गायब व्हायचे. डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाने ते वाचायचे कधी, असं विचारून तिने उड्या बंद करायला लावल्या, आणि माणूस स्वतः बंद करेपर्यंत मेसेज तिथेच ठेवायला लावला. त्यानेही तिला शिकवलं. निवडलेली वेळ अलगद सरकत यादीत जाऊन बसली की ती कुठे गेली हे डोळ्यांना आपोआप कळतं, तिथे शब्द लागत नाहीत. तिने जड मनाने स्वतःच्या दोन ओळी खोडल्या.

"सरकायला हवी ती... इतक्या हळू," म्हणत त्याने एकदा तिच्या तळहातावरून बोट फिरवून दाखवलं. त्या दिवशी तिच्या हातून पुढे काही लिहून झालं नाही. काउंटरवरच्या मावशींनी दोघांची नावं पाडली, शब्दवाली आणि वर्तुळवाला, आणि एकाची चौकशी करायची तर त्या हटकून दुसऱ्याला विचारायच्या.

मग त्याने घोळ घातला. लोक खूश व्हावेत म्हणून बटण दाबताक्षणी हिरवी बरोबरची खूण दाखवायला सुरुवात केली, वेळ खरंच मिळाली की नाही हे कळायच्या आधीच. दोघांना दहाची एकच वेळ दाखवली गेली, दोघेही हजर, आणि मावशींच्या नाकी नऊ आले. त्याने सकाळभर एकेकाची माफी मागितली आणि शपथ घेतली: यापुढे पक्कं झाल्याशिवाय काही दाखवणार नाही.

खूण उमटायची थांबली ते चांगलंच झालं. पण पठ्ठ्याने तीच शपथ प्रेमालाही लावली, त्याचं काय करायचं?

झालं असं की तिला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी चालून आली. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. सोमवारी तिने स्क्रीनकडे बघत त्याला विचारलं, "जाऊ का?"

"हं..." तो म्हणाला. "बघू."

त्यानंतर तो तोंडात गुळणी धरून बसला. मधेच उठून बाहेर जायचा, फोन करायचा, परत येऊन मान खाली. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिचा जीव टांगणीला. गुरुवारी तिने होकाराचं पत्र लिहिलं, पण पाठवायला हात धजेना. याने एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं.

शुक्रवारी तिच्याच डोळ्यांची तपासणी होती. मावशींनी थेंब घातले, बाकावर बसवलं, आणि हळूहळू समोरची भिंत, दार, माणसं सगळं विरघळलं. शेजारी कोणीतरी येऊन बसलं. चपलांच्या करकरीवरून तिने ओळखलं.

"हातवारे करू नकोस," ती म्हणाली. "मला काही दिसत नाहीये. बोलायचं ते बोल."

"सगळं पक्कं झाल्यावर सांगणार होतो."

"आणि तोवर मी काय करायचं? नुसतं वर्तुळ बघत बसायचं?"

तो अगदी सावकाश म्हणाला, "काम... चालू आहे. सोमवारीच ऑफिसात विचारलं, तुझ्या त्या शहरातून काम करू द्याल का. अजून उत्तर नाही. आईला सांगितलं. तिला तुझा फोटो हवाय. ऑफिस नाही म्हणालं तर तिकडे दुसरी नोकरी शोधेन... ती मिळेलच असं नाही."

"मग पक्कं काय आहे?"

"एकच. माझं प्रेम आहे तुझ्यावर. ते त्या पावतीपासूनच पक्कं होतं. तुला कळवायचं तेवढं राहिलं."

तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. थेंबांचं असावं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते काही तिला पटलं नाही. तिचंही प्रेम होतं, केव्हापासूनच.

"मी आज होकार कळवणार आहे," ती म्हणाली. "तिकडच्यांना. आणि तुलाही. पण तू येईपर्यंत मला रोज सांगायचं. काही झालं नसेल तर काही झालं नाही, असं सांगायचं."

"रोज," तो म्हणाला.

त्याने बिचकत तिचा हात धरला आणि हलकेच दाबला. थोडं थांबून परत दाबला. मग आणखी एकदा.

"पोहोचलं," ती म्हणाली. "पुन्हा दाबू नकोस."

पण हात तिने काढून घेतला नाही, म्हणून त्याने तो आणखी एकदा दाबलाच.