जोडीतला एकच तानपुरा

तानपुरा आणायचा, एवढंच काम होतं. शुभंकरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, रत्नागिरीतलं घर बंद असतं. किल्ली शेजारच्या दादूकाकांकडे. त्यांनी तीस वर्षं माझ्या सासू-सासऱ्यांना तबल्याची साथ केली. दोघंही नावाजलेले गायक. दोघंही आता नाहीत. मी त्यांना फोटोतच नमस्कार केलेला. आमच्या लग्नातसुद्धा लोक शुभंकरला एकच विचारत होते, 'तू गातोस की नाही?' तो लोट्याला कंपनीत आहे, हे कुणाला ऐकायचंच नव्हतं.

आणि आज, चौतिसाव्या वर्षी, तो हेदवीच्या देवळात पहिल्यांदा लोकांसमोर गाणार होता.

"दोनी न्या रे," दादूकाका म्हणाले. "जोड हाय ती. एकटा कधी उंबऱ्याभायेर गेलेला नाय."

"गाणारा एक, तानपुरा एक. आज तरी लोकांना मला एकट्याला ऐकू दे, काका."

"तुला रे कोण एकट्याला सोडतंय?" काका हसले. पण आमची गाडी वळेपर्यंत दारातच उभे होते.

आम्ही सासऱ्यांचा तानपुरा घेतला. सासूबाईंचा कोपऱ्यातच राहिला, लाल कापडाच्या गवसणीत, पाठ करून बसलेल्या बाईसारखा.

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढली. मागच्या सीटवर मी तानपुरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते. भर दुपार, खाडी तेलासारखी संथ. गवसणीच्या आतून तारा बारीक गुणगुणत होत्या. बोटीचं इंजिन, दुसरं काय, मी स्वतःला समजावलं. मग सुरंगीचा वास आला.

"फुलं घेतलीस?" शुभंकरने विचारलं.

"नाही... तू?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "आई माळायची..."

पलीकडचा धक्का आला तशी त्याने गाडी सुरू केली.

देवळात मी त्याच्या मागे तानपुरा छेडायला बसले. मला तेवढंच येतं, तेही लग्नानंतर शिकलेलं. माझ्या गाण्याला माहेरचे लोक लांबूनच हात जोडतात. शुभंकरने डोळे मिटून षड्ज लावला. कललेली उन्हं, धुपाचा धूर, खांबांवरून सरकणाऱ्या सावल्या... किती वेळ गेला कळलं नाही. सुंदर गात होता तो. मी ओठ घट्ट मिटून ऐकत होते.

गाणं संपलं आणि लोक उठून सरळ माझ्याकडे आले.

"जोडी शोभली हो!"

"पोरी, गळा थेट सासूचा गो तुझा!" एका म्हातारीने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"मी गायलेच नाही हो..."

"लाजते बघा!"

सगळे पांगले. शुभंकर तानपुऱ्याला गवसणी घालत होता. नाडी बांधता बांधता थांबला.

"गात मी होतो ना?" त्याने अगदी हळू विचारलं. "तू तरी... मला ऐकलंस ना?"

फक्त तुलाच, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आवाज फुटेना. घसा पार बसला होता, तास-दीड तास गाऊन बसतो तसा.