पाय तुझ्याकडेच निघाले

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातले सगळे पोशाख त्याच्या डोक्यावर!

"अगं बाई! लागलं का?"

"नाही… पण राणीसाहेबांचा झगा गळ्यात पडला," तो कपड्यांच्या आतूनच म्हणाला.

ती नाटकवाल्यांचे पोशाख शिवायची. तो एका जुन्या नाटकात सेनापती झाला होता — शत्रूच्या कैदेतली बायको सुटावी म्हणून रात्री वेस उघडून देणारा. बायको सुटते, गाव कापलं जातं.

मापं घेताना रोज त्या सेनापतीवरून वाद.

"कीव नाही येत तुम्हाला त्याची?" तो विचारायचा.

"कीव? अख्ख्या गावाचा घात केला मेल्यानं!"

"प्रेमापोटी."

"आणि गावानं काय घोडं मारलं होतं? हात वर करा."

तो हसला की टेप सरकायची, छातीचं माप पुन्हा घ्यावं लागायचं. तो मुद्दाम हसतो हे तिला कळत होतं… पण तिनं कधी टोकलं नाही.

रंगीत तालमीला ती रंगमंचाच्या कडेला पडद्याची किनार टाचत होती. दिग्दर्शक म्हणजे त्याचे सख्खे मामा, आईबापामागे त्याला वाढवणारे. ते त्याला अगदी शेजारी उभं राहून हालचाली दाखवत होते. तेवढ्यात करकर आवाज झाला. नेपथ्यातली लाकडी वेस तिच्या आणि मामांच्या दिशेनं कलली.

तो धावला. मामांना ओलांडून, सरळ तिच्याकडे!

ती वाचली. वेस मामांच्या पायावर आली.

दवाखान्याच्या बाकावर ती थिजून बसली होती. मामांच्या पायाला प्लास्टर घालून झालं होतं, पण तिच्या डोळ्यांपुढून ती वेस हलेना.

"मामा तुझ्या हाताशी होते," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"विचारच केला नाही गं… पाय तुझ्याकडेच निघाले."

"चुकलास तू."

"हो."

"त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर जन्मात माफ केलं नसतं तुला."

"मीही मला…"

तिनं त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "आणि तरी — तू माझ्याकडे आलास, म्हणून बरं वाटलं रे मला! एवढं होऊनही! कसली बाई आहे मी?"

तिला रडू कोसळलं. त्यानं हात पुढे केला, अर्ध्यावरच थांबवला… उरलेलं अंतर तिनंच तोडलं.

दाराआडून मामांचा कण्हता आवाज आला, "रडून झालं असेल तर आत या दोघं! पाय मोडलाय माझा, कान नाही!"